सालाखालचे साल

सातारा जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी ज्यांच्या घराण्याची सराफी तीन पिढ्या चालली, ते दादा काही वर्षांपूर्वी थोरल्या चिरंजिवांकडे न्यू जर्सीला हिवाळा काढावयास गेले. दुकान धाकट्याच्या स्वाधीन केलेले, गुडघे कुरकुरू लागलेले, बाहेर बर्फ. सकाळचा चहा झाल्यावर दुपारपर्यंत करावयाचे काय, हा प्रश्न त्यांना प्रथमच पडला. अकरा वर्षांच्या नातवाने शाळेच्या एका प्रकल्पासाठी जुने नाणे हवे असा हट्ट धरला, आणि एका रविवारी आजोबा व नातू जवळच्या गावातील नाण्यांच्या बाजारात गेले. एका सभागृहात तीस-चाळीस टेबले मांडलेली, प्रत्येक टेबलावर काचपेटी आणि दिवा. दादांना क्षणभर आपल्या सराफ पेठेत आल्यासारखे वाटले. फरक इतकाच की तराजू मात्र फारसा कोठे दिसेना.

नातवाने बोट दाखविले ते मोठे रुपेरी नाणे म्हणजे मॉर्गन डॉलर. एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचे मुख, दुसऱ्या बाजूस पंख पसरलेला गरुड. जॉर्ज मॉर्गन नावाच्या, इंग्लंडातून आलेल्या कोरक्याने आखलेले हे नाणे १८७८ ते १९०४ पर्यंत आणि मग १९२१ मध्ये पडले. दादांनी ते तळहातावर घेतले आणि सवयीने वजन अजमावले. सव्वादोन तोळ्यांहून किंचित अधिक. अंदाज खरा होता: नाण्याचे ठरलेले वजन २६.७३ ग्रॅम, त्यात शेकडा नव्वद चांदी व दहा तांबे. शेजारी तसेच दुसरे नाणे होते. तेच साल, तेवढीच झीज, तेच वजन. किंमत मात्र कितीतरी अधिक. दादांनी दोन्ही नाणी समोर धरली आणि मुलाच्या शिकवणीतल्या मोडक्या इंग्रजीत विचारले, चांदी एकच, मग भाव दोन का?

विक्रेत्याने काही न बोलता भिंग पुढे केले आणि गरुडाच्या शेपटीकडे बोट केले.

१८७८च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला की सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरांची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडावेत. टांकसाळीची एकच धांदल उडाली. मॉर्गनने पहिल्या ठशांवर गरुडाच्या शेपटीला आठ पिसे कोरली होती. टांकसाळीचे संचालक हेन्री लिंडरमन यांना ती सात हवी होती, कारण आधीच्या नाण्यांवर पिसांची संख्या विषम असे. काम थांबवून सर्व ठसे नव्याने करण्यास वेळ नव्हता. तेव्हा आठ पिसांच्या काही तयार ठशांवर सात पिसांचा नवा मूळ ठसा पुन्हा दाबण्यात आला. पोलादाने जुने चित्र पुरते पुसले नाही. सात पिसांच्या खालून आधीच्या पिसांची टोके डोकावत राहिली, कोठे तीन, कोठे पाच, कोठे सात. दादांनी भिंगातून ती मोजली. चाळीस वर्षे ज्या डोळ्याने कसोटीवरची रेघ वाचली, त्या डोळ्याला येथे निराळेच काही वाचावयाचे होते.

त्या दिवशी त्यांनी पाच डॉलर घेतले, आणि ते साध्या भावाचेच. ती नाणी काळवंडलेली होती. घरी आल्यावर दादांनी तेच केले, जे त्यांच्या दुकानात जुनी चांदी आली की प्रथम होई. सूनबाईंच्या डब्यातील चिंच भिजविली, चिमूटभर रांगोळी घेतली, आणि बेसिनपाशी उभे राहून पाचही नाणी लख्ख केली. सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, “दादा, अगदी नवी दिसतात हो!” पुढच्या बाजारात दादा ती मोठ्या उमेदीने घेऊन गेले. त्याच विक्रेत्याने एकेक नाणे पाहिले आणि तिसऱ्याशी थांबला. ते १८७८चे होते, सात पिसांखाली आठाच्या खुणा असलेले. त्यानेच मागच्या खेपेस नीट न पाहता साध्या ढिगात टाकलेले. त्याने भिंग खाली ठेवले आणि म्हणाला, ही आता फक्त चांदी आहे.

कारण त्याने समजावून सांगितले. नाणे पडते तेव्हा ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहतो, आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे हलविले की त्यावर प्रकाशाची जी चाके फिरतात, ती या रेषांमुळे. घासणाऱ्या वस्तूने त्या एकदा मोडल्या की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. त्यांच्याबरोबर ठशाच्या बारीक खुणाही बोथट होतात. दादांच्या धंद्यात चमक वाढविणे ही गिऱ्हाइकाची सेवा होती. येथे त्यांनी आपल्याच हाताने, आपल्याच चिंचेने, एका नाण्याचे मोल पुसून टाकले होते. घरी येताना ते गाडीत बराच वेळ बोलले नाहीत. नातवाने मात्र तेवढ्यात हिशेब केला, “आजोबा, म्हणजे त्या काकांनाही माहीत नव्हतं, आणि तुम्हालाही. नाण्यालाच फक्त माहीत होतं.”

त्यानंतरचे दोन महिने आजोबा-नातवाची शिकवणी चालली. नातू ग्रंथालयातून पुस्तके आणून मोठ्याने वाची, दादा विचारीत. पहिली गोष्ट समजली ती ही, की ज्याला आपण नाण्यातील दोष किंवा भेद म्हणतो तो बहुधा नाण्याचा नसतो, ठशाचा असतो. त्यामुळे तो एका नाण्यावर नव्हे, त्या ठशाने पडलेल्या प्रत्येक नाण्यावर उमटतो. मॉर्गन डॉलरांच्या काळी चित्र आणि अक्षरे मूळ ठशावरून दाबून उतरवीत, पण साल मात्र प्रत्येक कामाच्या ठशावर कारागीर वेगळ्या पंचाने ठोकून बसवी. टांकसाळीचे चिन्हही तसेच. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर चिन्ह नसे. सॅन फ्रान्सिस्कोसाठी एस, न्यू ऑर्लिन्ससाठी ओ, नेवाडातील कार्सन सिटीसाठी दोन सी. ठसे सर्वांसाठी फिलाडेल्फियातच तयार होत आणि तेथून रवाना होत. जेथे माणसाचा हात आणि हातोडा आला, तेथे आकडा थोडा वर, थोडा खाली, थोडा कलता बसणारच. कधी पहिला ठोका चुकला म्हणून दुसरा द्यावा लागे आणि आकड्याच्या कडेला त्याचीच सावली राही.

आणि वर्ष संपताना काही ठसे उरत. पोलाद कठीण करून, घासून तयार केलेला ठसा नुसता साल बदलले म्हणून फेकावयाचा, हे कोणत्याही कारखानदाराला पटणार नाही. मग जुन्या सालाच्या आकड्यावर नवा आकडा ठोकावयाचा. वाणी घराण्यात जन्मलेल्या माणसाला ही काटकसर समजावून सांगण्याची गरज नसते. दादा म्हणाले, “गेल्या वर्षीच्या वहीची कोरी पाने कोण टाकतो?” अमेरिकेत हा प्रकार मॉर्गनच्याही फार आधीचा. तेथील पहिला डॉलर १७९४चा. त्या सुरुवातीच्या काळात संपूर्ण टांकसाळ फिलाडेल्फियातील काही इमारतींत मावे, चांगले पोलाद दुर्मीळ होते, आणि त्या दशकात पिवळ्या तापाच्या साथीने शरद ऋतूत शहर ओस पडून टांकसाळ बंद ठेवण्याची पाळी अनेकदा आली. १७९९च्या काही डॉलरांवर शेवटच्या नवाखाली आठ दिसतो, १८०२च्या काहींवर दोनाखाली एक. या आरंभीच्या डॉलरांचे ठसे बोलेंडर नावाच्या गृहस्थांनी एकेक करून लावून १९५० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे मॉर्गन व त्यानंतरच्या पीस डॉलरांसाठी हेच काम लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस या दोघांनी केले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून प्रत्येक ठशाच्या जोडीला ‘व्हॅम’ क्रमांक मिळाला. आज नाण्यांच्या बाजारात ‘हा कोणता व्हॅम?’ असे विचारतात, जसे आपल्याकडे ‘हा कोणत्या पेढीचा माल?’ असे विचारीत.

१८८०चे डॉलर या बाबतीत सर्वांत बोलके. १८७९चे उरलेले ठसे त्या वर्षी पुन्हा वापरले गेले. सातावर आठ आणि नवावर शून्य. इंग्रजी आठाच्या आकड्याला दोन पोकळ्या असतात. भिंग घेऊन दुसऱ्या आठाच्या वरच्या पोकळीत पाहिले की कधी सातच्या आडव्या दांडीचा तुकडा दिसतो, खालच्या पोकळीत उभ्या दांडीचा, आणि आठाच्या डोक्यावर दोन बारीक कान उभे राहिल्यासारखे वाटतात. तेही सातच्या टोकांचेच अवशेष. कार्सन सिटीच्या १८८०च्या काही नाण्यांवर ८० खालचे ७९ अनुभवी डोळ्याला चटकन ओळखू येते. १८८७च्या काहींवर सातच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना सहाच्या पोटाची कमान उरलेली आहे. हे न्यू ऑर्लिन्सच्या आणि फिलाडेल्फियाच्या दोन्ही नाण्यांत आढळते. आणि सालाप्रमाणेच टांकसाळीची खूणही बदलली जाई. १८८२च्या काही ठशांवर एस वर ओ ठोकला. कार्सन सिटीत नाणी पाडणे १८९३ मध्ये थांबले, तेव्हा तेथील उरलेले ठसे फिलाडेल्फियास परत आले, दोन सी वर एक ओ बसविला गेला, आणि १९०० मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्यांनी नाणी पाडली. बंद पडलेल्या पेढीच्या पाटीवर दुसऱ्या पेढीचे नाव रंगवावे, आणि पावसाळ्यात जुनी अक्षरे पुन्हा वर यावीत, तसे ते दिसते.

पाहण्याची रीत शिकण्यास मात्र वेळ लागला. दिवा एकच हवा, आणि तो बाजूने. नाणे कडेने धरावयाचे व हळूहळू फिरवावयाचे, म्हणजे एका कोनात लपलेली खूण दुसऱ्या कोनात सावली टाकते. ठसा नाण्याच्या उलट असतो, हे क्षणभरही विसरून चालत नाही. ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. म्हणून जुन्या आकड्याचा अवशेष नाण्यावर उंचवट्याच्या रूपानेच असला पाहिजे. नाण्यावरची रेघ खोलगट असेल तर ती ठशाची नव्हे. कोणाच्या तरी गल्ल्यात, खिशात, पिशवीत पडलेला तो ओरखडा. ठशाला गेलेला तडा उंच रेघ होऊन येतो, ठसा घासताना पडलेले ओरखडेही तसेच उंच येतात, आणि नवशिका त्यांनाच आकडा समजतो. आणखी एक फसवणूक आहे. नाणे पडताना ठसा किंचित हलला किंवा सैल असला, तर आकड्याच्या कडेला एक सपाट पायरी तयार होते. ती दुहेरी आकड्यासारखी दिसते, पण खरा दुहेरी ठसा असेल तर आकडा रुंद होतो व त्याच्या कोपऱ्याशी खाच दिसते. सैल ठशाच्या पायरीने आकडा उलट अरुंद होतो, कारण ती त्याच्याच अंगातून कापलेली असते. बाजारात तिला काही मोल नाही.

या सर्वांहून अवघड शत्रू म्हणजे पाहणाऱ्याची इच्छा. ज्याला सहा हवा असतो त्याला सहा दिसतो. दादांनी एक नियम केला. प्रथम नातवाने पाहावयाचे आणि काही न बोलता कागदावर काढावयाचे, मग त्यांनी पाहून वेगळ्या कागदावर काढावयाचे, आणि मगच दोन्ही कागद पुस्तकातील चित्राशेजारी ठेवावयाचे. पहिल्या आठवड्यात एकही चित्र जुळले नाही.

साल स्वतःच किती फसवे असते याचा सर्वांत गमतीदार दाखला १८०४च्या डॉलरचा. त्या वर्षी टांकसाळीने १९,५७० चांदीचे डॉलर दिल्याची नोंद आहे, पण ते आधीच्या सालाच्या ठशांनी पडलेले असावेत असे जाणकार मानतात. १८०४ हे साल असलेले डॉलर प्रत्यक्षात पडले ते सुमारे ३० वर्षांनी, १८३४च्या सुमारास, सयामच्या राजाला आणि मस्कतच्या सुलतानाला नजराणा म्हणून द्यावयाच्या संचांसाठी. नंतर टांकसाळीत आणखी काही पडले. आज सगळी मिळून मोजकीच ज्ञात आहेत. आणि त्यांच्या लोभाने १८०१, १८०२, १८०३च्या खऱ्या डॉलरांचे शेवटचे आकडे कोरून ‘१८०४’ केलेली खोटी नाणी मात्र पुष्कळ. सालावर साल टांकसाळीने ठोकले तर भेद, घरी बसून कोरले तर फसवणूक. नातवाला हा फरक विनोदी वाटला. दादांना नाही.

फेब्रुवारीत समोरच्या घरातील वृद्ध बाई एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. पती गेल्या वर्षी वारलेले. ते तरुणपणी बँकेत रोखपाल होते, आणि त्या काळी, १९६४च्या वसंतापर्यंत, बँकेत चांदीचा डॉलर एका डॉलरला मिळे. पगाराच्या दिवशी एक डॉलर बाजूला ठेवावयाचा, असा त्यांचा शिरस्ता. संग्राहक वगैरे ते नव्हते. डब्यात ३१ नाणी होती. बाजारपेठेतील एका सोने-चांदी घेणाऱ्याने सर्वांचा मिळून वजनावर भाव सांगितला होता, आणि बाईंना एवढेच विचारावयाचे होते की तराजू खोटा तर नाही ना. दादांनी वजन केले, त्या दिवशीच्या दराने गुणले आणि सांगितले, “भाव ठीक आहे.” मग दोन दिवस डबा ठेवून घेण्याची परवानगी मागितली.

पहिल्या संध्याकाळी ढीग लावले. चिन्ह नसलेली, एसची, ओची, आणि एकच कार्सन सिटीची, १८८३ची. ती बाजूला ठेवली. मग १८८७चे एक नाणे दादांच्या हाती आले आणि त्यांचा श्वास थांबला. सातच्या पायथ्याशी डावीकडे कमान होती. त्यांनी तसेच कागदावर काढले. नातवानेही कमान काढली. या वेळी दोन्ही कागद जुळले. चिरंजीव ऑफिसमधून आले तेव्हा दोघेही दिव्याखाली वाकलेले होते. दादांनी पुन्हा एकदा, या वेळी दिवा दुसऱ्या बाजूस नेऊन पाहिले. कमानीची सावली आत पडत होती. ती खोल होती. कोण्या काळी कोणाच्या किल्लीने गोल ओढलेला तो ओरखडा होता. दादा हसले आणि नाणे ढिगात टाकले. नातू मात्र रुसला.

दुसऱ्या संध्याकाळी रुसलेल्या नातवाने दादांनी आधीच पाहून बाजूला सारलेल्या ओच्या ढिगाला हात घातला. “आजोबा, या ओच्या पोटात काहीतरी आहे.” १९००चे नाणे, बरेच झिजलेले. दादांनी त्याचे साल पाहिले होते, खूण पाहिली नव्हती. ओच्या आत आणि बाजूला दोन सींच्या कमानींचे तुकडे होते. दिवा कोठेही न्या, ते उंचच राहत होते.

त्या रात्री जेवणानंतर चिरंजीव म्हणाले, “दादा, एक सुचवू? सगळा डबा तुम्हीच घ्या. त्या दुकानदाराहून दहा टक्के जास्त द्या. त्याही खूश. इथे यात कोणी गैर मानत नाही. बाजारात तुम्ही रोज बघता, दुसऱ्याच्या टेबलावरचं नाणं ओळखून उचलणं यालाच तर कसब म्हणतात. तुम्ही दोन महिने डोळे शिणवलेत. माहिती हेही भांडवलच आहे ना?”

हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. बाजारातील विक्रेता स्वतः त्याच धंद्यात असतो. त्याच्याजवळ भिंग असते, पुस्तक असते, वेळ असतो. त्याने न पाहिलेले आपण पाहिले तर त्यात चोरी कसली? आठवर सात पिसांचा डॉलर त्याने स्वतःच दादांना नाही का साध्या भावाने दिला, आणि त्याबद्दल ना त्याने कुरकुर केली, ना दादांनी. पण बाईंनी डबा विकावयास नव्हता आणला. तराजू खरा आहे का, हे विचारावयास आणला होता.

दादांना झोप आली नाही. आठवत होते ते १९८०चे साल. त्या जानेवारीत चांदीचा भाव जगभर असा चढला की खेड्याखेड्यांतून लोक राणीचे, पंचम जॉर्जचे रुपये पिशव्या भरभरून घेऊन दुकानात आले. दादा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. वजन चोख केले, भाव चोख दिला, आणि सारे रुपये आटणीला पाठविले. एकही नाणे उलटून पाहिले नाही. १९११चा रुपया, ज्याच्यावर राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि म्हणून सरकारला पुढच्या वर्षी चित्र बदलावे लागले, तो त्या पिशव्यांत किती होता? १८६२ हे एकच साल ठेवून पुढे कित्येक वर्षे पाडलेले रुपये, ज्यांचे खरे वर्ष ठिपके मोजून ओळखतात, ते किती होते? तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते, आणि आणणाऱ्यांनाही नाही. त्या व्यवहाराबद्दल कोणी बोट दाखवू शकले नसते. त्यांचे वडील गादीवर बसून एवढेच पाहत की पारड्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे आहे ना. पण आता ठाऊक होते, आणि ठाऊक नसल्यासारखे वजन सांगणे म्हणजे पारड्याचे तोंड आपल्याकडे फिरविणे.

सकाळी त्यांनी चिरंजिवांना एवढेच सांगितले, “धंदा असता तर घेतला असता. त्यांनी मला तोलायला बोलावलंय.”

चिरंजीव गप्प राहिले. मग स्वतःच गाडी काढून त्यांनी तिघांना पुढच्या बाजारात नेले. बाई वाटेत पुनःपुन्हा विचारीत होत्या की एका अक्षरावर दुसरे अक्षर हा दोष असताना त्याचे पैसे जास्त कसे? दादांना इंग्रजीत उत्तर देता येईना. त्यांनी नातवाला सांगितले आणि नातवाने आपल्या पद्धतीने सांगितले, की जे पुसायचे होते ते पुसले गेले नाही म्हणून. कार्सन सिटीचे आणि दोन सी वर ओचे, अशी दोन नाणी विकली गेली. त्या दोहोंचे मिळून जे आले ते उरलेल्या चांदीच्या निम्म्याहून थोडे अधिक होते. डोळे दिपावेत असे काही नव्हे, पण बाईंच्या दृष्टीने आकडा मोठा. त्यांनी दादांना काही देऊ केले. दादांनी दोन टक्के दलाली घेतली. नाही म्हणणे त्यांना दिखाऊपणाचे वाटले, आणि शिवाय दलाली हक्काची असते. ती नातवाला मिळाली, कारण नाणे त्याने ओळखले होते. उरलेली नाणी वजनावर गेली. एक सोडून. किल्लीने ओरखडलेले १८८७चे नाणे दादांनी स्वतः विकत घेतले, वजनाच्या भावाने, एक सेंट कमी नाही की जास्त नाही.

एप्रिलमध्ये ते परतले. घरच्या तिजोरीत एका जुन्या बटव्यात वहीपूजनाचे रुपये असतात, आजोबांच्या वेळेपासूनचे. दादांनी ते प्रथमच दिव्याखाली धरले. बरेचसे १९१८ आणि १९१९ सालचे निघाले, काहींवर खालच्या फुलापाशी मुंबई टांकसाळीचा बारीक ठिपका. न्यू जर्सीत नातवाने वाचून दाखविलेले एक प्रकरण त्यांना आठवले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा पडला. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ या तारखेची एक रुपयाची नोट काढली, पण लोक नोटा घेऊन रोकड चांदी मागू लागले. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरला. १९१८च्या एप्रिलमध्ये नेवाडाचे सिनेटर पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला, आणि तिजोरीत पडून असलेले चांदीचे डॉलर वितळविण्यात आले. एकंदर २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी विकली गेली आणि येथे येऊन रुपये झाली. तोवर पडलेल्या मॉर्गन डॉलरांपैकी जवळजवळ निम्मे असे नाहीसे झाले. कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. १९२१ मध्ये मॉर्गन डॉलर पुन्हा पडले तेही याच कायद्याने, वितळलेल्यांची भरपाई म्हणून.

दादांनी बटव्यातील एक रुपया घेतला आणि शेजारी ते ओरखडलेले नाणे ठेवले. धाकटे चिरंजीव दुकान बंद करून वर आले तेव्हा ते अजून तसेच बसले होते, दिवा कधी उजवीकडे, कधी डावीकडे सरकवीत.

“दादा, काय शोधताय?”

“काही नाही रे. चिंचेचं पाणी कोणी लावू नका याला, एवढं सांगून ठेव घरात.”